तेराशे अठ्ठ्याहत्तरची लोकर

सिनेमातलं मध्ययुग हटकून तपकिरी असतं. रस्त्यात चिखल, भिंतींना काजळी, माणसांच्या अंगावर गोणपाट. राजा आला की तेवढी लाल मखमल. माझ्या आतेबहिणीचा या तपकिरी रंगावर जुना राग आहे. ती नाटकांची वेशभूषा करते आणि सध्या तिच्याकडे १३७८ सालच्या फ्लोरेन्सवरचं एक नवं नाटक आलं आहे. त्या उन्हाळ्यात तिथल्या लोकर धुणाऱ्या, पिंजणाऱ्या, विंचरणाऱ्या मजुरांनी उठाव केला आणि काही आठवडे शहराच्या कारभारात वाटा मिळवला. या मजुरांना तिकडे ‘चोम्पी’ म्हणत. रंगमंचावर त्यांचा जमाव येणार, आणि जमावाच्या अंगावर काय असावं हा प्रश्न घेऊन ताई इचलकरंजीला माझ्या वडिलांकडे आली.

बाबांची हयात यंत्रमागांच्या खडखडाटात गेली. पोरवयात कांड्या भरल्या, मग माग चालवले, शेवटी जॉबर म्हणून निवृत्त झाले. ताईकडे पुस्तकं होती, संग्रहालयांतल्या कपड्यांचे फोटो होते. बाबांकडे नुसती बोटं होती. संध्याकाळी सुरू झालेलं बोलणं जेवणं उरकल्यावरही चाललं. त्यातलं बरंचसं इथे उतरवलं आहे. जिथे मला राहवलं नाही तिथे मीही तोंड घातलं आहे.

ताई : मामा, आधी ते गोणपाट डोक्यातून काढून टाका. ताग आपल्याकडचा, बंगालचा. तिकडे तो पोचला फार उशिरा, इंग्रजांच्या अमदानीत. मध्ययुगात गरीब असो की श्रीमंत, वरचा कपडा लोकरीचा आणि अंगाला लागून असलेला लिननचा. लिनन म्हणजे जवसाच्या खोडाचा धागा.

बाबा : जवस? चटणीचं?

ताई : तेच. आपलं जवस बुटकं, फाटे फुटलेलं, तेलाचं. त्यांचं धाग्यासाठी वाढवलेलं, कमरेएवढं सरळसोट. ते कापत नाहीत, मुळासकट उपटतात, म्हणजे धागा अख्खा लांब मिळतो. मग पाण्यात कुजत घालायचं, वाळवायचं, लाकडी पात्यानं झोडपायचं आणि लोखंडी दातांच्या फणीतून ओढायचं. ज्यांना तेही परवडत नसे ते भांगेच्या खोडाच्या धाग्याचे सदरे घालत. तो धागा राठ, पण टिकाऊ.

बाबा : आणि कापूस?

ताई : होता, पण सीरिया-इजिप्तहून जहाजानं आणलेला. उत्तर इटलीत मिलान, क्रेमोना या भागात उभा धागा जवसाचा आणि आडवा कापसाचा असं मिश्र कापड विणत. शिवाय पुरुषांच्या तंग अंगरख्यांत कापूस भरायचे. मार्को पोलोनं ठाण्याच्या बंदरातून कापूस आणि सुती कापड बाहेर जातं असं नोंदवलंय, गुजरातची छापील कापडं कैरोजवळच्या फुस्तातच्या उकिरड्यांत सापडली आहेत. पण तिथून पुढे समुद्र ओलांडला की राज्य लोकरीचं.

बाबा : उभा जवसाचा का घेतला, हे लिहिलंय का तुझ्या पुस्तकात? ताण सगळा उभ्यावर असतो. त्यांचं सुती सूत सैल पिळाचं असणार. असलं सूत बीमवर घेतलं तर हातहात कापडाला तुटणार. आडव्यात काहीही खपतं.

ताई : चरख्याचंही तसंच झालं. चरखा युरोपात तेराव्या शतकात आला. जर्मनीतल्या श्पायर गावानं त्या शतकाच्या अखेरीस नियमच केला, की चरख्याचं सूत आडव्याला चालेल, उभ्याला टकळीवरचंच हवं.

बाबा : शहाणी माणसं. बरं, तुझा वाद काय ते बोल.

ताई : वाद असा, की जमावाला मी रंगीत कपडे देणार. निळा, विटकरी, पिवळा, हिरवा. दिग्दर्शक म्हणतात, मजूर आहेत, मळखाऊ द्या. मी म्हणते, मध्ययुगातली माणसं रंगाला हपापलेली होती आणि रंग त्यांना मिळतही होता.

बाबा : दिग्दर्शक बरोबर बोलतो. ज्यानं रंगवलं त्याच्या अंगावर रंग असतो, हे कुणी सांगितलं तुला? आमच्या खात्यात शर्टिंगचं कापड निघायचं. घालणारे आम्ही नव्हतो.

(मी मध्येच विचारलं, की जुने कपडे उरलेत ना कुठे? तेच बघावेत. ताईनं फोटोंचा गठ्ठा उघडला. बाबांनी चष्मा लावला.)

ताई : हे ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला, हेर्योल्फ्सनेसला सापडलेले. नॉर्स लोकांची वसाहत होती तिथे. १९२१ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी दफनभूमी उकरली, तर गोठलेल्या जमिनीत अंगरखे, टोप्या, मोजे अख्खे निघाले. लाकूड दुर्मीळ, म्हणून शवपेटीऐवजी मेलेल्याला जुन्या कपड्यांत गुंडाळून पुरायचे. जगाच्या टोकाची गरीब वसाहत, पण बेत पाहा. अंगरख्याला कळ्याच कळ्या आहेत, त्यामुळे वरून अंगाला बसतो आणि खाली घेर सुटतो.

बाबा : शिवण चांगली आहे. रंग कोणता म्हणतेस याचा?

ताई : … तपकिरी.

बाबा : होय की.

ताई : मातीत सहाशे वर्षं राहिला तर काय होईल? थोड्यांवर रंगाचे अंश सापडलेत, बाकीच्यांत काळ्या-पांढऱ्या मेंढ्यांची लोकर मिसळलेली. आणि हा दुसरा पाहा. स्वीडनमध्ये १९३६ साली दलदलीत सापडलेला चौदाव्या शतकातला माणूस, बोक्स्टनचा. झगा, अंगरखा, पायमोजे आणि लांब शेपटीची टोपी, सगळी लोकर. लिननचा आता धागाही नाही. दलदलीचं आंबट पाणी जवस खाऊन टाकतं आणि लोकर राखतं, पण राखताना तिला तपकिरी करून सोडतं. सिनेमावाल्यांचा रंग हा असा दलदलीतून आलेला आहे.

बाबा : हे मात्र चांगलं बोललीस.

ताई : आता हे लंडनचं. टेम्सच्या काठी बेनर्ड किल्ल्याजवळ चौदाव्या शतकातला कचरा निघाला, चिंध्यांचे ढीग. त्यात मंजिष्ठाचा लाल रंग सर्रास आहे. ही बाही बघा. काठाला काजं आहेत, काजांच्या मागे आधाराला रेशमाची चिंचोळी पट्टी लावलीय आणि कडेनं बारीक विणकामाची किनार. बटणंसुद्धा त्याच कापडाची. छोटा गोल तुकडा, कडेनं टाका घातला, ओढून गोळा केला, झालं बटण.

बाबा : (फोटो दिव्याजवळ नेऊन) काज कडेला किती चिकटून आहे बघ. आताच्या कापडाला एवढ्या कडेला काज पाडलं तर उसवून निघेल. हे कापड उसवत नाही. दाबलेलं आहे. पण मला सांग, या कचऱ्याच्या जवळ कोण राहत होतं?

ताई : राजाचं कपड्यांचं कोठार होतं जवळच.

बाबा : म्हणजे राजाच्या शिंप्याचा केर. आणि तू त्याच्यावरून मजुराचे कपडे ठरवणार.

इथे ताई गप्प बसेल असं मला वाटलं होतं. ती बसली नाही. तिनं बाबांना त्यांच्याच प्रांतात ओढलं. कापड दाबलेलं आहे म्हणता, तर ते दाबतात कसं हे ऐका, म्हणाली.

ताई : लोकर आधी धुवायची, पिंजायची, मग सूत सुटसुटीत निघावं म्हणून तेल चोळायचं. फ्लोरेन्समध्ये ऑलिव्हचं. कातायला गावोगावच्या बायका, वजनावर मजुरी. एका मागाला पाच-सहा जणी तरी कातत बसलेल्या. माग रुंद, दोन विणकर शेजारी शेजारी बसायचे. एकानं धोटा टाकायचा, दुसऱ्यानं झेलायचा. उडता धोटा यायला १७३३ उजाडायचं होतं.

बाबा : दोघांचा ठेका जुळला नाही तर कापडात पट्टे येणार. फणीचा ठोका हलका-भारी होतो ना.

ताई : पट्टे झाकले जायचे! मागावरून उतरलेलं कापड विरविरीत, तेलकट. ते पाण्यात घालून त्यावर मुलतानी माती टाकायची, कुठे शिळं मूत्र ओतायचं, आणि तुडवायचं. तासन् तास, दिवसच्या दिवस. बाराव्या शतकापासून हे काम पाणचक्कीवर चालणारे लाकडी हातोडे करू लागले. फ्लोरेन्सला आर्नो नदीच्या काठी होत्या तसल्या चक्क्या. तेल निघून जायचं, लोकरीचे तंतू एकमेकांत गुंतायचे आणि कापड रुंदीला-लांबीला आटायचं. क्षेत्रफळ जवळजवळ निम्मं.

बाबा : निम्मं! आपल्याकडे घोंगडी विणली, चिंचोक्याची खळ दिली, वाळवली, संपलं काम. इथे विणणं म्हणजे निम्मी वाट.

ताई : पुढे ऐका. आटलेलं कापड आकड्यांच्या चौकटीवर ताणून वाळवायचं. मग काटेरी बोंडांनी घासून लव वर काढायची आणि हाताएवढ्या लांब कात्रीनं ती लव भादरायची. पुन्हा घासायचं, पुन्हा भादरायचं. उत्तम कापडावर हे इतक्या वेळा करत की खालची वीण दिसायचीच नाही. हाताला रेशमासारखं लागायचं.

बाबा : थांब. हेच तुझं उत्तर आहे. तू रंगावर अडून बसलीस, पण भाव रंगात नसतो, पोतात असतो. मजुराचं कापड एकदाच घासलेलं, भादरलं न भादरलं, वीण दिसणारं, लोंबते धागे. मालकाचं गुळगुळीत. बारा हातांवरून प्रेक्षकाला रंग दिसेल, पण अंगावर कापड पडतं कसं ते त्याहून आधी दिसेल. जाडंभरडं ताठ उभं राहतं. मऊ कापड अंगावरून ओघळतं.

ताई : मग रंग असू दे म्हणता?

बाबा : तसं म्हणालो नाही मी.

वाद असा उलटापालटा होत गेला. बाबांच्या बोटांनी ताईची बाजू बळकट केली आणि ताईच्या कागदांनी बाबांची. दोघांनाही ते फारसं रुचलं नाही. कागदांत पहिला होता पेगोलोत्ती, फ्लोरेन्सच्या बार्दी पेढीचा कारभारी. त्यानं १३४० च्या सुमारास व्यापाऱ्यांसाठी टिपणवही केली. तीत ब्रिटनमधल्या दोनशेच्या आसपास मठांची यादी आहे आणि प्रत्येक मठाच्या लोकरीचा पोत्यामागे भाव. वेल्समधल्या टिंटर्न मठाची लोकर सर्वांत महागांपैकी. संन्यासी मेंढरं पाळत, इटालियन पेढ्या कातरणीच्या आधीच उचल देऊन लोकर बांधून घेत.

बाबा : म्हणजे उसाच्या आधी उचल. कळलं.

ताई : मग व्हिल्लानी. फ्लोरेन्सचा बखरकार. १३३८ च्या आसपासचे त्याचे आकडे असे, की लोकरीचे २०० हून जास्त कारखाने, वर्षाला ७०,००० ते ८०,००० ठाणं, आणि ३०,००० माणसं त्यावर जगतात. तीस वर्षांपूर्वी कारखाने ३०० होते आणि ठाणं १,००,००० च्या वर, पण ते कापड जाडं, निम्म्या किमतीचं, कारण तेव्हा इंग्रजी लोकर येत नव्हती आणि तिचं काम कुणाला जमत नव्हतं.

बाबा : आकडे फुगवलेत.

ताई : इतिहासकारांनाही तसंच वाटतं.

बाबा : पण हिशोब खरा आहे. शंभर कारखाने बंद पडले, ठाणं कमी झाली आणि पैसा वाढला. कुणाचा वाढला, ते तुझ्या बखरकारानं लिहिलंय का? कातणारीला वजनावर मजुरी. लोकर उंची झाली म्हणून तिचं वजन वाढत नाही.

ताई : तुम्ही फक्त मजुरी बघता. मला त्यात हातही दिसतात. त्याच कातणारीनं इतकं बारीक सूत काढलं म्हणून ते कापड दमास्कस आणि कैरोपर्यंत विकलं गेलं. तिला बिचारी करून रंगमंचावर उभी केली की तिचं कसब पुसलं जातं.

बाबा : कसब होतंच. कसबाचे पैसे कुठे गेले, एवढंच विचारतोय.

(चहा झाला. चहावर रंगाचा विषय परत निघाला, तो बाबांनीच काढला.)

ताई : निळा वोड नावाच्या पाल्यापासून. पाला ठेचून गोळे करायचे, आंबवायचे. वास असा सुटायचा की रंगाऱ्यांची वस्ती वेगळी असायची. रंगद्रव्य आपल्या निळीतलंच, फक्त फार पातळ. लाल मंजिष्ठाच्या मुळांचा. पिवळा वेल्ड नावाच्या झुडपाचा, आणि निळ्यावर पिवळा चढवला की हिरवा. हे सगळं युरोपातच उगवणारं, म्हणून आवाक्यातलं. रंग धरायला तुरटी मात्र आशिया मायनरच्या फोकेयाहून, जेनोवाच्या व्यापाऱ्यांच्या मुठीतली.

बाबा : निळ्याला तुरटी लागत नाही.

ताई : बरोबर. म्हणून फिकट निळा गरिबालाही मिळायचा. एक-दोनदा बुडवून काढलं की आकाशी, दहादा बुडवलं की काळपट. पैसे बुडवण्याचे.

बाबा : आणि मालकाचा लाल?

ताई : तो कर्मीस किड्याचा. भूमध्य सागराकाठच्या ओकच्या झुडपांवर हे किडे बसतात. माद्या नखानं खरवडून काढायच्या, वाळवायच्या. वाळल्यावर त्या दाण्यासारख्या दिसतात. ठाणभर कापडाला लागायचे ढिगानं. या कापडात कधीकधी निम्म्याहून जास्त खर्च एकट्या रंगाचा. उत्तम इंग्रजी लोकर आणि वर हा रंग म्हणजे स्कार्लेट. राजे, कार्डिनल, बडे व्यापारी यांच्यासाठी. पूर्वेकडचं पतंगाचं लाकूडही यायचं, मलबारच्या कोल्लमचं नाव लावलेलं. त्याचाही सुंदर लाल निघतो.

बाबा : तो उन्हात उडतो.

ताई : उडतो! म्हणून चांगल्या कापडावर त्याला बंदी घालायचे.

बाबा : मग हे घे. जमावातल्या एखाद्या तरण्या पोराला तो लाल दे. नवा घेतला तेव्हा मालकासारखा वाटला असेल, आता खांद्यावर उडून पिवळट गुलाबी झालाय.

ताईनं हे लगेच लिहून घेतलं. बाबा रंगाला कबूल झाले असं मात्र त्यांनी शेवटपर्यंत मान्य केलं नाही.

ताई : कायदे काय सांगतात पाहा. इंग्लंडात १३६३ मध्ये फर्मान निघालं, की नांगऱ्या, गाडीवान, गुराखी आणि ज्याची मालमत्ता ४० शिलिंगांच्या आत आहे अशांनी यार्डाला १२ पेन्सचं जाडं घोंगडी कापड किंवा रसेट, म्हणजे करडं-तपकिरी कापड, एवढंच घालावं. कायदा लगेच मागे घ्यावा लागला. गुराखी जर करड्यातच फिरत होता, तर करड्यात राहा म्हणून त्याला बजावायची गरज का पडली?

बाबा : बजावणाऱ्याला भीती वाटली म्हणून. वाटायला लागली कधी?

ताई : प्लेगनंतर. १३४८ मध्ये प्लेग आला, फ्लोरेन्सची निम्म्याहून जास्त माणसं गेली असावीत. मजूर कमी झाले, मजुरी वाढली. आणि मेलेल्यांचे कपडे मागे राहिले. लेखक बोक्काच्चो सांगतो, रस्त्यात टाकलेल्या प्लेगच्या चिंध्या दोन डुकरांनी हुंगल्या, फाडल्या आणि तिथेच तडफडून मेली. तरी लोकांनी कपडे फेकले नाहीत. कपडा मृत्युपत्रात लिहून ठेवायची वस्तू होती. झगा भावाला, झग्याचं अस्तर पुतणीला. फ्लोरेन्समध्ये जुन्या कपड्यांचे व्यापारी लिननवाल्यांच्या संघात होते, इतका तो धंदा मोठा. मालकाचा झगा वीस वर्षांनी उलटवून, अस्तर काढून, कापून चोम्पीच्या पोराच्या अंगावर येणारच. रंग तसा खाली उतरतो, मामा.

बाबा : उतरतो, पण उतरलेला दिसला पाहिजे. तू दुकानातलं नवं रंगीत कापड कापणार, आणि ते नवंच दिसणार.

ताई : नाही कापणार. जुनं घेऊन दगडानं घासणार, कोपरांवर ठिगळं लावणार.

बाबा : ठिगळ त्याच रंगाचं लावू नकोस. आणि मालकांच्या बायकांना काय घालणार?

ताई : लुक्काचं रेशीम, आणि थंडीच्या प्रवेशात नॉवगोरोदच्या खारींचं अस्तर. नकलीच. पण त्यांच्यावर एक प्रवेश वेगळा लिहायला लावलाय. फ्लोरेन्सनं बायकांच्या कपड्यांवर कायदे केले होते. १३४० च्या दशकात तर बंदी घातलेले कपडे घरात असतील तर कारकुनापुढे न्यायचे, त्यानं वर्णन लिहायचं आणि शिशाचं सील मारून द्यायचं. त्या नोंदवह्या उरल्यात. अर्धा झगा एका रंगाचा, अर्धा दुसऱ्या रंगाचा; पट्टे, द्राक्षांच्या वेली, पाखरं. आणि साक्केत्ती नावाचा कथाकार होता, त्याच चौदाव्या शतकातला. त्याच्या गोष्टीत सरकारी कारकून एकीला हटकतो की एवढी बटणं चालत नाहीत. ती म्हणते, ही बटणं कुठे? काजच नाही यांना. दुसरीला म्हणतो, हे एरमिनचं उंची कातडं आहे. ती म्हणते, छे, हे दुसऱ्याच प्राण्याचं. शेवटी कारकून हात टेकतो.

बाबा : (हसून) जकात नाक्यावर असंच चालायचं. बीमचं सूत कोणत्या काउंटचं, यावर तासभर.

(मी म्हटलं, आता चोम्पींवर या. घड्याळात साडेदहा झाले होते.)

ताई : लोकरीच्या संघाचं नाव आर्ते देल्ला लाना. मालक त्याचे सभासद, मजूर नाहीत. मजुरांना स्वतःचा संघ काढायला, जमायला बंदी. वर परगावाहून आणलेला एक अधिकारी ठेवलेला, तो मजुरांना दंड करायचा, फटके मारायचा. १३४५ मध्ये चुतो ब्रांदीनी नावाच्या लोकर विंचरणाऱ्यानं मजुरांची संघटना काढायला घेतली. रात्री घरातून उचलला आणि फासावर दिला.

बाबा : हे तुझ्या रंगांच्या आधी सांगायला पाहिजे होतंस.

ताई : तुम्ही विचारलं कापडाचं.

बाबा : हे कापडाचंच आहे. पुढे?

ताई : १३७८ च्या जुलैत ते उठले. २२ तारखेला सरकारवाड्यात घुसले. त्यांच्या मागण्यांत संघ हवा, तो परगावचा अधिकारी नको, आणि एक मागणी अशी, की मालकांनी वर्षाला निदान २४,००० ठाणं विणलीच पाहिजेत, इच्छा असो वा नसो.

बाबा : (बराच वेळ काही बोलले नाहीत, मग) ही मागणी ज्यानं लिहिली तो खरा मागावरचा माणूस. मजुरी वाढवा सगळेच म्हणतात. मालक मजुरी वाढवतो आणि निम्मे माग बंद ठेवतो, त्याचं काय? किती ठाणं काढणार ते आधी बोला. इथे मंदीत असं कुणी मागितलं असतं तर हसले असते सगळे. चोवीस हजार, आणि तुझा बखरकार सत्तर-ऐंशी हजार सांगतो. म्हणजे चाळीस वर्षांत काम किती पडलं बघ.

ताई : बखरकाराचे आकडे फुगवलेले म्हणालात ना?

बाबा : फुगवून तिप्पट करत नाही कुणी. पडलं होतं काम.

ताई : त्यांना संघ मिळाले. तीन नवे. रंगाऱ्यांचा एक, कापूस भरलेले अंगरखे शिवणाऱ्यांचा आणि इतर कारागिरांचा एक, आणि चोम्पींचा एक. पहिले दोन १३८२ पर्यंत टिकले. चोम्पींचा ऑगस्टअखेर मोडला. आणि मोडणारा मिकेले दी लांदो. तो स्वतः लोकर विंचरणारा. जुलैत वाड्यात शिरला तेव्हा निशाण त्याच्या हातात होतं, जमावानं त्यालाच शहराचा प्रमुख केलं. मॅकियाव्हेली दीडेकशे वर्षांनी लिहितो, की तो अनवाणी होता आणि अंगावर जेमतेम कपडे होते. सहा आठवड्यांत तोच घोड्यावर बसून आपल्याच माणसांवर चालून गेला.

बाबा : जेमतेम म्हणजे काय घालणार तू त्याला?

ताई : लिननचा सदरा. मळका, गुडघ्यापर्यंत.

बाबा : लोकर नको. लोकर विंचरणाऱ्याच्या अंगावर हातभर लोकर नाही, हे लोकांना दिसू दे.

ताई : जुलै महिना होता, मामा. उकाड्यानं काढून ठेवली असेल.

बाबा : असेल. आणि घोड्यावर बसला तेव्हा?

ताई : पदाचा लाल झगा. स्कार्लेट.

बाबा : कुठून आणला? सहा आठवड्यांत ठाण होत नाही. लोकर घेण्यापासून कापड विकेपर्यंत किती वेळ लागायचा म्हणालीस?

ताई : शेजारच्या प्रातो गावचा व्यापारी दातीनी, त्याच्या वह्यांत एका मालाला तीन वर्षांहून जास्त लागलीत. मायोर्काची लोकर घेतल्यापासून.

बाबा : मग झगा त्याच्या मापाचा नाही. दुसऱ्या कुणासाठी शिवलेला. बाह्या लांब ठेव, हातावरून खाली लोंबणाऱ्या. पिंजणाऱ्याला लांब बाहीची सवय नसते, सारखी मागे सारेल.

ताई : मी आखूड ठेवणार होते. मनगटं उघडी, तेलानं काळी पडलेली दिसतील.

बाबा : आखूड बाहीला लोक हसतात.

ताई : हसू देत की. त्या प्रवेशात पुढे माणसं मरतात.

बाबा : लांब ठेव म्हणतोय मी.